हळदीची चार बोटं

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. करंजदरा

रुपा, तुला आठवतं का, मधल्या सुट्टीत आपण दोघी एकाच नळावर हात धुवायचो आणि रुमाल एकच असायचा म्हणून एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, असे पुसायचो? शाळेच्या सिस्टर फिलोमिना व्हरांड्यातून बघायच्या. बस, एवढंच. आज दुपारी इथल्या हापशावर हात धुतले, पदराला पुसले आणि तेच डोळ्यांपुढे आलं. पन्नास वर्षं होत आली त्याला. ही वही तूच दिलीस, "ताई, एकटी राहणार आहेस तर रोज पानभर लिही" म्हणून. तर लिहिते आहे. समास सोडून, तारीख वर, शाळेत शिकवलं तशी.

प्रवास सुखाचा झाला. हिंगोलीहून एसटीने जवळा बाजार, तिथून भाच्याने, विश्वजीतने पाठवलेली जीप. ड्रायव्हर बाबूसिंग गप्पिष्ट. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत येतं, त्यामुळे गावभर हळद. सध्या काढणी आणि शिजवणी एकदमच चालू आहे. मोठमोठ्या कढयांतून वाफ निघते आणि ओल्या मातीसारखा, थोडा कडवट वास सगळीकडे भरलेला असतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळं वाळवण. उन्हात डोळे दिपतात.

माझ्या दोन खोल्या तातेरावांच्या घराला लागून आहेत. आधी इथे गावची आरोग्यसेविका पार्वतीबाई राहायची. ती जानेवारीत माहेरी गेली म्हणतात. तिची चूल, तिचं कॅलेंडर, तिची नोंदवही सगळं जागच्या जागी आहे. तिचा लालसर कुत्राही उंबऱ्यावर बसून आहे. मी बॅग ठेवली तशी त्याने माझ्या पायावर हनुवटी टेकली. मागच्या अंगणात तातेरावांचा हळदीला पॉलिश करायचा ड्रम आहे, चांगला पुरुषभर उंच, भोकंभोकं असलेल्या पत्र्याचा. वाळलेली हळकुंडं त्यात फिरवून साल काढतात.

आणि ऐक. तातेरावांच्या बायकोने, सुमनबाईंनी, दारातच माझ्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. मी मागे सरकले. म्हटलं, अहो, हे जाऊन नऊ वर्षं झाली. शिवाय रथसप्तमी मागच्या आठवड्यातच झाली, आता कसलं हळदीकुंकू? तर त्या हसून म्हणाल्या, "बाईमाणसाच्या कपाळाला हळद न्हाई लागायची तर काय डांबर लागायचं?" रुपा, आपल्या कॉलनीतल्या शिकल्यासवरलेल्या बायकांनी मला नऊ वर्षांत एकदाही बोलावलं नाही. आणि इथे, या आडगावात! मला भरून आलं. बोट पुसलं नाही. तसंच ठेवून जेवले.


१२ फेब्रुवारी, बुधवार

काम सुरू झालं. विश्वजीत माझ्या नणंदेचा मुलगा. हिंगोलीत डॉक्टर आहे आणि या तापावर संशोधन करतो. चौतीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्या, म्हणून त्याने मला विचारलं, "मामी, सहा आठवडे जाल का?" घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

पौषात या गावात एक ताप येऊन गेला. तीन दिवस अंग भाजायचं, चौथ्या दिवशी खडखडीत. दोन म्हातारे दगावले, बाकी सगळे बरे झाले. प्रश्न असा आहे की एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्यांपैकी काहींना ताप आला आणि काहींना नाही. असं का?

विश्वजीतने मला समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपल्या प्रत्येक पेशीत निकामी प्रथिनं मोडीत काढायची सोय असते. जे टाकायचं त्यावर पेशी एक बारीकशी खूण चिकटवते. त्या खुणेला दुसरी खूण, दुसरीला तिसरी. एका खुणेने सहसा काही होत नाही. चारांची साखळी झाली, की पिंपासारखं एक यंत्र ते प्रथिन आत ओढून घेतं आणि त्याचे तुकडे करतं. घर झाडण्यासारखंच हे, रोजचं आणि गरजेचं. पण काही विषाणू लबाड असतात. ते स्वतः काही मोडत नाहीत. पेशीत एखादं प्रथिन पहारेकऱ्यासारखं विषाणूला अडवत असतं. विषाणू पेशीकडूनच त्या पहारेकऱ्यावर खुणा लावून घेतो. पेशी बिचारी नेमाप्रमाणे त्याला पिंपात ढकलते. मग घर उघडं. विश्वजीतला वाटतं की काही माणसांत हा पहारेकरी जरासा वेगळ्या घडणीचा असावा, खूण चिकटायला त्याच्यावर जागाच नसावी. त्यांना ताप येत नाही. असं माणूस सापडलं, त्याचं रक्त मिळालं, तर औषधाची दिशा सापडेल.

एक सापडलीही. धुरपताबाई. हळद शिजवण्याच्या कढईवर काम करते, सत्तरीची असेल. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. नखं, डोळ्यांच्या कडासुद्धा. घरातली तिन्ही माणसं तापली, ही नाही. रक्त मागितलं तर म्हणाली, "म्या काहून देऊ? तापले त्यांचं घ्या ना. म्या तर हळदीत शिजलेली हाव, मले काय धाड भरती?" मी थर्मल गन कपाळासमोर धरली तर म्हणे, "बंदूक दाखवून राहिली मास्तरीण." बायका खिदळल्या. मीही हसले, पण नळी रिकामी राहिली.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माणसं तुटकपणे वागली. मी गल्लीत शिरले की कुणीतरी ओरडतं, "रक्त पिणारी बाई आली, लेकरं आत घ्या!" दारं लागतात. एका म्हाताऱ्याने माझ्या बर्फाच्या पेटीवर काठी आपटली. काल हापशावर मी नंबरात उभी होते, माझी कळशी कुणी उचलून मागे नेऊन ठेवली ते कळलंही नाही.

विचित्र हे, की ज्यांना ताप येऊन गेला तेच गोड बोलतात. चहा देतात, पाट मांडतात. आणि ते सगळे एकसारखंच हसतात, थोडं उशिरा, जणू आधी आठवावं लागतं.

कुत्र्याच्या कपाळावर कुणी हळद लावली आहे. एक बोट कपाळावर, त्याला चिकटून मागे दुसरं, मग तिसरं, थेट मानेपर्यंत. सुमनबाईंना विचारलं, कसली पूजा? म्हणाल्या, "लावावं वाटलं." त्यांचा हात पुन्हा उचलला गेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खाली घेतला.

हा कुत्रा माझ्या उंबऱ्याकडे कुणी आलं की भुंकतो. एवढाच त्याचा गुन्हा असेल तर असेल.


१६ फेब्रुवारी, रविवार

नवीन आजारी निघाले. सहाजण, एकशे तीनच्या वर. म्हणजे ताप गेलेला नाही.

आणि दहा दिवसांवर महाशिवरात्र. औंढ्याच्या जत्रेला अख्खा गाव जातो, ट्रॅक्टर भरभरून. तिथे लाखो माणसं येतात. मी कालव्याच्या भरावावर जाऊन, तिथेच काय ती रेंज असते, विश्वजीतला फोन केला. त्याने रविवार असूनही तालुक्याहून पत्र मिळवलं आणि संध्याकाळी बाबूसिंगबरोबर पाठवलं: या गावातून कुणीही जत्रेला येऊ नये; माझ्या तपासणीशिवाय ट्रॅक्टर गावाबाहेर काढू नये.

पत्र मी पारावर वाचून दाखवलं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभी राहायचे तशी, ताठ उभी राहून. तातेराव म्हणाले, "काहो मॅडम, महादेवाले भेटायले बी आता तुमची चिठ्ठी लागती का?" मागून कुणी म्हणालं, "त्याच्या गळ्यात नाग हाय, त्याले तुमच्या तापाचं काय भेव!" हशा झाला. तो थांबला तेव्हा सगळेच्या सगळे एकाच क्षणी थांबले.

पारावरून उतरताना एक तरुण बाई समोर आली. शिवकन्या, जानेवारीत आजारी होती. हसली. माझ्या कपाळावर बोट टेकवलं. आधीच्या डागाच्या बरोबर खाली, त्याला लागून.

या वेळी मला भरून आलं नाही.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

कुत्रा नाही.

काल दुपारी मी त्याला पाहिलं होतं. मानेवर चौथं बोट होतं. मग अंगणातून ड्रमचा आवाज आला, घरंगळल्यासारखा. सुमारे अर्धा तास. मी खिडकीतून विचारलं, अजून तर हळद वाळायची आहे, पॉलिश कशाला करता? तातेराव म्हणाले, "रिकामाच फिरवून राहिलो. गंज निघते."

ड्रमखाली पिवळा भुसा पडला होता. त्यात लालसर केस होते.

मी खोलीत येऊन पार्वतीबाईची नोंदवही उघडली. तिने जानेवारीत घरोघर जाऊन तापलेल्यांना वेगळं ठेवायला लावलं होतं. शेजारच्या गावचा बाजार बंद करवला होता. भांडली होती, अक्षरावरून कळतं. शेवटच्या पानावर एकोणीस जानेवारी: 'सुमनबाईंनी आज परत हळद लावली. तिसरी. उगाच भीती वाटते.' पुढची पानं कोरी.

मग मी माझी यादी काढली. कुत्र्याला हळद लावताना दिसले ते, मला लावली त्या दोघी, सगळ्यांच्या नावापुढे 'ताप येऊन गेला' अशी माझीच खूण आहे. न तापलेल्यांपैकी एकानेही कुणाला बोट लावलेलं नाही.

पार्वतीबाई. कुत्रा. मी. जे अडवतात त्यांनाच.

रुपा, तू म्हणशील ताईचं डोकं फिरलं. मीही तेच म्हणत होते दुपारपर्यंत.


१९ फेब्रुवारी, बुधवार

साबणाने कपाळ घासलं. हळद साबणाने लाल होते, हे मला माहीत आहे, चौतीस वर्षं रसायनांत गेली माझी. तरी आरशात ते दोन लालभडक डाग पाहून मी मोरीत बसूनच राहिले. लिंबू चोळलं. पुन्हा पिवळे झाले. गेले नाहीत.

शाळेतली सकाळची प्रार्थना आपोआप तोंडात येते आहे. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, भीती वाटली की ओळीत उभं राहायचं आणि आपला नंबर मोजायचा.

माझा नंबर दोन.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन पाण्याच्या रांजणात सापडला. त्याच्या काचेवर पिवळी बोटं. मोजली नाहीत.

विश्वजीतची जीप नळ्या न्यायला सत्तावीसला येणार आहे. जत्रा सव्वीसला.

गल्लीत कुणी शिव्या देत नाही आता. त्याचंच वाईट वाटतं. परवापर्यंत जी माणसं दारं लावत होती ती एकेक करून तापली, उठली आणि आता पाट मांडतात. बेचाळीस घरं. काल मोजलं तेव्हा शिव्या देणारी सहा उरली होती. आज तीन. धुरपताबाई त्यांत आहे. आज ती मला म्हणाली, "अशी काहून सुकून गेली ओ? कुणाचं खाल्लं न्हाई ना?" मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिने मला ढकललं. म्हणे, "पिवळी व्हशील."


२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी जेवून भिंतीला टेकले होते. डोळा लागला असेल दहा मिनिटं. उठले तर नाकाच्या शेंड्यावर ओलं.

तिसरं. वरच्या दोन्हींना जोडून खाली आलेलं.

दार मी लावलं होतं. खिडकीच्या गजातून हात येऊ शकतो. बारीक हात असेल तर.


२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊला निघाले, पायी. जवळा बाजार अकरा किलोमीटर. पर्समध्ये पत्र आणि नळ्या.

रस्त्यावर बायका वाळवण पसरत होत्या. पहिली उठून माझ्याबरोबर चालू लागली. मग दुसरी. कालव्यापर्यंत वीसजणी झाल्या. कुणी धरलं नाही, सगळ्या अगदी जवळून चालत होत्या. मी थांबले की त्या थांबायच्या. मग पुढच्या वळल्या आणि माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला परत फिरण्यावाचून जागाच उरली नाही. सुमनबाईंनी माझी पर्स हातात घेतली, प्रेमाने. म्हणाल्या, "ऊन लागंल बाई."

नळ्या फुटल्या. पत्र गायब.

घरी आल्यावर अंगात कणकण. एकशे एक.


२४ फेब्रुवारी, सोमवार

एकशे तीन पूर्णांक दोन.

धुरपताबाई आली. मागच्या दाराने, कुणी अडवलं नाही. तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अख्खीच पिवळी, तिच्यावर बोट उमटणार कुठे? तिने पदराची गाठ सोडली. ड्रमखालच्या भुशात तिला सापडलं होतं: प्लास्टिकच्या ओळखपत्राचा तुकडा. 'पार्वती' एवढं वाचता येतं. आणि फोटोतला एक डोळा.

तिला वाचता येत नाही, पण फोटो कळला. म्हणाली, "ह्या बाईनं माह्या नातीले दवाखान्यात नेलं व्हतं पाठीवर." मग बाही वर केली. "घ्या. किती घ्याचं ते घ्या."

शीर पहिल्याच खेपेला सापडली. चार नळ्या. तिच्या रक्ताला लाल रंग आहे हे बघून मला, वेडीला, हसू आलं.

बुधवारी पहाट फुटताच ती बेण्याची पोती बैलगाडीतून जवळ्याला नेते, दरवर्षीप्रमाणे. ट्रॅक्टर आठला निघतील. म्हणजे ती आधी पोचेल. नळ्या पोत्यात. मी नवीन चिठ्ठी लिहीन.

ती म्हणाली, तुमी बी चला, पोत्याखाली झाकते. मी नाही म्हटलं. अंगात ताप घेऊन मी त्या रस्त्याला लागले, तर ज्याला अडवायचं तेच मी पोचवीन.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे चार. अक्षर बिघडतं आहे, सिस्टर रागावतील—

बर्फ संपला. पेटीत विहिरीचं पाणी घालून ठेवलं आहे. पुरावं.

अंगणात ट्रॅक्टर धुताहेत. कुणी भजन म्हणत नाही. सगळे एकदम वाकतात, एकदम उठतात—

दोन्ही खिडक्या आतून खिळ्यांनी बंद केल्या. पार्वतीबाईचाच हातोडा. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना कडी, कडीला साखळी. कुणाचं बोट आत येऊ शकत नाही आता. केसाएवढी फट नाही.

चौथं लागू द्यायचं नाही. उद्या सकाळपर्यंत फक्त. गाडी जाईपर्यंत—


२६ फेब्रुवारी, बुधवार. पहाट

ताप गेला. अंग कापसासारखं. किती बरं वाटतं आहे.

आरशात चार.

चौथं वरच्या ओठावर, अजून ओलं. कडी आतून होती. साखळी तशीच. खिळे तसेच. कुणी आलं नाही. कुणी यायची गरज—

माझ्या उजव्या हाताचं बोट पिवळं आहे. ओट्यावर हळदीचा डबा उघडा.

पेशीच लावते. विषाणू नाही. हे मीच लिहिलंय मागे.

मागच्या दाराची कडी आत्ता काढली; धुरपताबाई दारात उभी आहे, गाडी जुंपलेली. तिला पाच मिनिटं मागितली. कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, नीट, ओळीत.

नळ्यांची पेटी — विश्वजीतला, त्याच्याच हातात. धुरपताबाईंच्या नळ्यांवर क्रमांक एक्केचाळीस आहे. पेटी मी पुसली नाही, त्याने हातमोजे घालावेत.

चिठ्ठी — जवळ्याच्या चौकातल्या पोलिसांना. करंजदऱ्याचा एकही ट्रॅक्टर पुढे सोडू नये. हात जोडून विनंती.

ओळखपत्राचा तुकडा आणि नोंदवही — पार्वतीबाईच्या माहेरी. ती माहेरी गेलेली नाही, हे त्यांना कुणीतरी हळूच सांगावं.

मोत्याच्या कुड्या — रुपाला. हिरवं इरकल — धुरपताबाईंना. नको म्हणतील. बळेच द्यावं.

ही वही — आधी विश्वजीतने वाचावी, मग रुपाने. रुपा, रडू नकोस.

मी स्वतः आले तर दार उघडू नये. मी गोड बोलेन. आपलीच माणसं आठवून बोलेन. उघडू नये.

इथे रेघ ओढते. रेघेखालचं काही मानू नये. ते मी लिहिलेलं नसेल.

________________

चिठ्ठी पोलिसांना देऊ नये. सगळ्यांना जत्रेला जाऊ द्यावं. नळ्या उन्हात उघडून ठेवाव्यात

नाही

धुरपताबाईला आत बोलवावं. दमली आहे. तिला पाट द्यावा, तिचं कपाळ साबणाने धुऊन स्वच्छ करून मग

नाही नाही — ओरडून सांगते आहे तिला — वही ओढून घे, गाडी हाक, माझ्या हाताकडे बघू नकोस, ओढ, जोरात, हा हात सोडत नाही, ओढ ना गं बाई, ओ